खिशात मावेल असं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं ते आण्णाच्या भीतीनं, आणि ते निवडायला आण्णाच बरोबर यायला निघाला, तेव्हा विजयसिंह चांगलाच पेचात पडला.

फोन आला तेव्हा तो राजारामपुरीतल्या आपल्या टाइल्सच्या दुकानात होता. पलीकडून आण्णाचा आवाज एवढा मोठा, की समोरच्या गिऱ्हाइकानंही मान वर केली.

"लायसन आलं म्हणं तुझं? आन् मला सांगायचं न्हाय व्हय रं? त्यो हवालदार आलता हिकडं चौकशीला. म्हटलं, आमचा इजू लई सरळ माणूस हाय सायब. रोजची कॅश घिऊन येकटाच घरला जातोय, त्याला हत्यार पायजेच. आता घ्याला येकटा जाऊ नको. मी येतो. मला त्यातलं कळतंय."

कळत होतं हे खरं. गारगोटीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तिथं गवे रानात, उभ्या पिकात उतरायचे, आणि पीक राखायला वडिलांच्या नावावर असलेली बंदूक पुढं आण्णाच्या नावावर झाली होती. हंबीरराव हे त्याचं नाव, पण सगळं गाव त्याला आण्णाच म्हणायचं. विजयसिंहाचा हा थोरला भाऊ, वयानं बराच मोठा. धाकटा कोल्हापुरात शिकायला आला, इथंच राहिला, दुकान टाकून बसला. थोरला रानात राहिला.

कळंब्याजवळ दोघांच्या नावावर जमिनीचा एक तुकडा होता. आजूबाजूला बंगले उठायला लागले तशी वाटणी करायचं ठरलं, आणि रस्त्याकडची बाजू दोघांनाही हवीशी झाली. मोजणीच्या दिवशी शब्दाला शब्द लागला. "तू रानात राबलास म्हणजे माझ्यावर उपकार केलेस काय?" असं विजयसिंह बोलून गेला. बोलून गेला आणि सोयीनं विसरला. त्याच्या लक्षात राहिलं ते त्याच्यापुढचं. आण्णानं खुणा रोवायला आणलेली पहार उचलली आणि सगळ्यांदेखत ओरडला, "जित्ता गाडीन हितंच!" मग पहार टाकून दिली आणि बांधावर जाऊन घाम पुसत बसला.

आण्णाचा राग तेवढ्यावरच उतरला. नंतर त्यानं गुळाची ढेप पाठवली, जनावरांची खबर सांगणारे फोन सुरू झाले, जणू काही झालंच नव्हतं. विजयसिंहाच्या डोळ्यांसमोरून मात्र ती पहार हलेना. पेपरात भावाभावांच्या मारामारीची बातमी आली की तो शेवटपर्यंत वाचायचा. त्याची बायको तेजस्वी म्हणाली, "अहो, भावजी तोंडानं कसेही असोत, पण मनानं तसे नाहीत." त्यावर तो म्हणाला, "जमिनीपायी माणूस कधी फिरेल, सांगता येत नाही." परवान्यासाठी त्यानं कारण दिलं ते दुकानाच्या रोकडीचं. खरं कारण सांगितलं ते फक्त बंदुकांचे दुकानदार माधवराव यांना, पहिल्यांदा नुसती चौकशी करायला गेला तेव्हा. अनोळखी माणसापुढं भावाबद्दल वाईट बोलणं त्याला जड गेलं नाही.

आता येऊ नको म्हणावं, तर कारण काय सांगायचं? "ये," तो म्हणाला.

आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. गाडीत सगळा वेळ तोच बोलत होता. "कोण तरास देतंय काय रं तुला? खरं सांग. वसुलीवाला हाय काय कोण? नाव सांग, मी बोलतो त्याच्याशी. आपल्या भाषेत बोलतो." विजयसिंह नुसता समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. "कोण नाही रे," एवढंच म्हणाला.

दुकानात शिरताना आण्णा बाहेर पानपट्टीवर थांबला. तेवढ्यात माधवरावांनी खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "बरोबर कोण आहेत?"

इथं खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माधवरावांना सगळं ठाऊक होतं. हाच तो भाऊ, असं त्यांच्यासमोर कसं म्हणणार? विजयसिंह घाईघाईनं म्हणाला, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

आण्णा तेव्हाच दारात आला होता. ऐकलं की नाही, कळलं नाही. माधवराव म्हणाले, "या पावणं, बसा," आणि तो हसत बसला.

माधवरावांनी आधी रिव्हॉल्वर काढून ठेवलं. आण्णानं ते उचलून वजन बघितलं. "भरवशाचं हाय. पर हे पोटाला गाठ आल्यावानी दिसंल." मग एक मोठं पिस्तूल आलं. आण्णानं विजयसिंहाला उभं केलं, ते कमरेला खोचायला लावलं, शर्ट बाहेर काढायला लावला, मग वाकायला, खाली बसायला लावलं. पँट एका बाजूनं ओढली जात होती. "आन् गल्ल्यावर दिवसभर बसायचं हाय तुला. हे टोचंल, मग तू घरात ठिवून जाशील. मग काय उपेग?" लहानपणी शाळेच्या गणवेशाचं माप देताना आण्णा शिंप्याला असाच सूचना देत उभा असायचा. विजयसिंहाला ते आठवलं आणि त्यानं मान वळवली.

शेवटी आलं ते लहान पिस्तूल. तळहातात मावेल एवढं, काळं, चपटं. पँटच्या खिशात घातलं तर पाकीट ठेवलंय असं वाटावं.

"हे बघ! ह्याला म्हनत्यात हत्यार!" आण्णा खूश झाला. "खिशातनं निगतंय का लवकर, ते बघू. मी येतो तुझ्या अंगावर, तू काढ."

"नको आण्णा."

"आरं रिकामं हाय की! काढ."

तो दोन पावलं मागं गेला आणि हात पसरून, खोटं खोटं डोळे वटारून पुढं आला. पोराला खेळवताना येतात तसा. विजयसिंहाचा हात आपोआप खिशात गेला. कापडाला अडकून, अर्धवट फिरत पिस्तूल बाहेर आलं, ते थेट आण्णाच्या पांढऱ्या शर्टावर. बोट चापावर होतं. एवढे दिवस रात्रंदिवस त्यानं मनात हेच बघितलं होतं. हाच माणूस, एवढ्याच अंतरावर.

"अहो, खाली करा!" माधवराव खेकसले. "रिकामं असलं तरी माणसावर रोखायचं नसतं."

आण्णा मोठ्यानं हसला. "माजीच चूक हाय. मीच सांगितलं त्याला. पर हेच बेस हाय काय ओ, का लईच बारकं हुतंय?"

माधवरावांनी पिस्तूल काढून घेतलं, पुसलं, आणि समजावून सांगायला लागले. "लांबून कोणी येणार असेल तर मी हे देणार नाही. पण ह्यांचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही ओळखीचे आहात, तुम्हाला ठाऊक असेलच. भावाचं प्रकरण. भाऊ म्हणजे काय, न विचारता घरात येणारा माणूस. जेवायला शेजारी बसणारा. तिथं मोठं हत्यार काढायला सवड मिळत नाही. म्हणून मी मागच्या वेळीच लहान सुचवलं होतं."

बाहेर केएमटीची बस खडखडत गेली. विजयसिंह काउंटरच्या काचेकडं बघत होता. काचेखाली काडतुसांच्या रिकाम्या डब्या मांडल्या होत्या.

आण्णानं विचारलं, "भावाचं?" आवाज एवढा हळू, की तो आण्णाचा वाटेना.

"हो ना. पहार घेऊन अंगावर आला होता म्हणे."

"व्हय," आण्णा म्हणाला. "आलता." त्यानं पिस्तुलाकडं बोट केलं. "ह्यानं मरतंय काय हो माणूस? जवळनं?"

"जवळून, हो."

"मग हेच द्या त्याला. हलकं हाय. दिवसभर संगं ऱ्हाईल." तो उठला, चपला सरळ केल्या आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.

नको म्हणायची वेळ तीच होती. पण माधवराव सामान बांधायला लागले होते, सह्या कुठं करायच्या ते दाखवत होते, आणि आता नको म्हटलं तर हा माणूस कोण ते त्यांनाही कळणार, एवढंच विजयसिंहाच्या डोक्यात आलं. भावाची लाज वाटण्याआधी त्याला दुकानदाराची लाज वाटली. त्यानं सह्या केल्या. पिस्तूल घेतलं.

परतताना आण्णा गाडीत मागं बसला. येताना तो पुढं बसला होता. बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, "माज्या तोंडाला हाड न्हाय रं इजू. चारचौघांत बोलाय नगं हुतं मी. तू भ्यालास, त्यात तुझं काय चुकलं?"

विजयसिंहाला त्यानं शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. "आण्णा, मी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आण्णानं जेवायला घरी यायला नकार दिला, स्टँडवर उतरला, आणि तेजस्वीला निरोप सांगायला सांगितला, की म्हशीला रेडी झालीय.

नंतर कळंब्याची मोजणी पुन्हा लागली. आण्णा आला नाही. त्यानं मोजणीदाराकडं निरोप धाडला होता, "इजू म्हणंल तिथं खुणा रोवा." मोजणीदार विजयसिंहाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. विजयसिंहानं रस्त्याकडची सगळी बाजू आण्णाच्या वाटणीला दाखवली. त्याचं समाधान काही झालं नाही. देणं म्हणावं, तर ते भरपाईसारखं वाटत होतं. आण्णा ती जागा बघायलासुद्धा फिरकला नाही.

पिस्तूल त्यानं कधी खिशात घातलं नाही. निवडणूक लागली, परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तो देऊन आला. निवडणूक झाली. लोकांनी आपापली हत्यारं परत नेली. त्याला ठाण्यातून निरोप आला, तो गेला नाही.

आण्णा अजून येतो. दवाखान्याचं, बाजाराचं काम असलं की येतो. भाजी आणतो, तेजस्वीशी बोलतो, विजयसिंहाशीही बोलतो, रुसवा काही धरत नाही. फक्त फाटकाची कडी काढत नाही. पिशवी खाली ठेवतो, दोन्ही हात फाटकावर दिसतील असे ठेवतो आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारतो, "मी हाय रं, आण्णा! येऊ काय आत?"

"ये की आण्णा, विचारतोस काय," असं आतून कितीही ओरडून सांगितलं तरी तो हलत नाही. विजयसिंहाला जाग्यावरून उठावं लागतं, चपला न घालता अंगणातून चालत जावं लागतं आणि स्वतःच्या हातानं कडी काढावी लागते. तोवर थोरला भाऊ उन्हात तसाच उभा असतो, हात फाटकावर ठेवून.