धाकट्या जावेची गोळी

ती गोळी — मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी, मेइचूच्या तळहातावर — बीयुनला चुलीपासूनही दिसली, आणि जुनाच हेवा पेटला. रोज सकाळी एक गोळी, वर घोटभर कोमट पाणी, झालं! धाकट्या जावेचा कॅन्सर एवढ्यावर भागत होता. बीयुनला मात्र केमोचं सलाइन, ओकाऱ्या, टोपीखालचं टक्कल... दोघींच्या फुप्फुसात गाठ. जन्मात सिगारेट ओढली नाही दोघींनी. ओढायचा बीयुनचा नवरा, आणि तो ठणठणीत! पण गाठीचा तुकडा तपासला तेव्हा मेइचूच्या गाठीत जनुकातला तो बदल सापडला, ज्यावर ही गोळी चालते. बीयुनच्या गाठीत नाही. दुखणंसुद्धा हिचंच नशीबवान.

आज सासूबाईंची तिथी. नैवेद्याच्या भाजीसाठी कढई तापत होती आणि धुराचा पंखा बंद होता. तेलातून धूर निघाल्याशिवाय भाजी टाकायची नाही, आणि भाजी पडेपर्यंत पंखा लावायचा नाही, खमंगपणा उडून जातो — तैवानमधल्या ताइनानच्या या घरात सासूबाईंची ही शिस्त. तो धूरही कारण असू शकतो, डॉक्टर म्हणाले होते. बीयुनने तर खोकलासुद्धा कित्येक महिने सर्दीच्या नावावर खपवला होता.

“जाऊबाई, द्या तो कालथा. बसा जरा.”

“तूच बस. तोंडभर पुरळ उठलंय, आरशात बघ.”

“गोळीनं उठतं ते.” मेइचू हसली. “तुम्ही कधी दिलाय म्हणा कालथा! लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या पाठीशी उभी राहून लसूणच सोलतेय.”

खरंच होतं. धाकटीच्या हाताला चव आहे, असं सासूबाई एकदाच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून बीयुनने कढईपुढची जागा सोडली नाही. शाबासकी माझी... धूरही माझाच. आणि उरलेला धूर हिला — मीच उभं केलं हिला पाठीशी. तरी गोळी हिलाच!

मेइचूने पुढे येऊन कालथा धरला. बीयुनने सोडला नाही. तेल धुरावलं, तशी तिने डाव्या हाताने पंख्याचं बटण दाबलं... भाजी अजून टोपलीतच होती.

“सरक मागे! धूर जाईल छातीत.”

ही माया, की कालथा न देण्याचं आणखी एक निमित्त, तिचं तिलाच कळेना. मूठ तर सैल होत नव्हती. पण मेइचूने ऐकू नये, मागे सरकू नये, असं मात्र तिला फार वाटत होतं.