कोपऱ्यावरची चीना

उगार्तेने बटाट्यांचं पोतं पायाने बाजूला सरकवलं, ओलिंदाला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं आणि मागे सरून पुन्हा कॅमेऱ्यात डोकावलं.

"हां, असंच. हनुवटी जरा वर, सेन्योरा. उजेड डोळ्यांवर यायला हवा."

डोळ्यांवर! एरवी ओलिंदाला हसूच फुटलं असतं. लिमाच्या त्या गल्लीत सगळे तिला चीना, म्हणजे चिनी बाई, म्हणायचे आणि तिच्या बारीक डोळ्यांवरून जेवढे विनोद झाले असतील तेवढे महापौरावरही झाले नसतील. पण आज हसण्यासारखं काही नव्हतं. साखरेच्या डब्यांपाशी योमिरा उभी होती. एवढी ताडमाड उंच पोर, पण खांदे पाडून, नखं कुरतडत उभी होती. रडून रडून नाक लाल झालं होतं.

टोकियोच्या सामन्यात शेवटचा गुण मिळवल्यावर याच पोरीने कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणले होते. जाळीच्या पलीकडे जपानी मुली उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो फोटो जगभर गेला. एका वंशाची टिंगल केली म्हणून तिच्यावर बंदी घालायची का, हे उद्या ठरणार होतं. बंदी आली की व्हॉलीबॉल संपलं, आणि योमिराला दुसरं काही येत नव्हतं. इकडे गल्लीतल्या लोकांना कळेना, एवढं आकाश कोसळायला झालं काय? चीनाला तर आपण रोजच करून दाखवतो. ती कधी चिडली का?

योमिराही तेच सांगत होती. ते जपानी मुलींना नव्हतंच, चीनासाठी होतं. आणि पोरगी खोटं बोलत नव्हती. तिची आई नेलिदा दिवसभर मंडईत मासे विकायची. तोवर योमिरा ओलिंदाच्या दुकानात बसून अभ्यास करायची, तिच्याच भांड्यातला भात खायची. खाऊची गोळी हवी असली की डोळे ताणून दाखवायची. मग ओलिंदा बोटांनी आपले डोळे घुबडासारखे वटारायची, दोघी खिदळायच्या आणि गोळी मिळायची. पहिल्यांदा ती पोर असं करायला लागली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. तिला काय म्हणणार? आणि पुढे कधी काही म्हणायचं राहूनच गेलं.

"तयार? जसं वाटतं तसं बोला," उगार्ते म्हणाला. तो संघाचा व्यवस्थापक होता; उद्याच्या सुनावणीत दाखवायला त्याला ही चित्रफीत हवी होती. चार रात्री झोपला नसावा.

ओलिंदाने झग्यावरून हात फिरवला.

"मी चीना. सगळी गल्ली मला चीनाच म्हणते. ही पोर माझ्या दुकानात वाढली. तिने जे केलं ते प्रेमाने केलं. मला कधीच वाईट वाटलं नाही."

एका दमात झालं. योमिराने तोंडावर हात दाबून धरला आणि पुन्हा रडू लागली.

"वा! काळजाला भिडलं!" उगार्तेने खिशातून पेन काढलं. "आता खाली नाव टाकायला लागेल. योमिरा, यांचं पूर्ण नाव काय गं?"

"चीना," योमिरा म्हणाली आणि डोळे पुसत हसली. "म्हणजे चीना... थांबा हं."

ती फळीकडे बघू लागली, मग छताकडे. ओलिंदाची हनुवटी अजून वरच होती. तिने वाट पाहिली. पोरीला आठवेल म्हणून नाही. आठवायला ते कधी ठाऊकच नव्हतं, हे तिलाही त्याच क्षणी कळलं.

"ओलिंदा," तीच शेवटी म्हणाली. "ओलिंदा आराकाकी."

उगार्तेचं पेन थांबलं. "आराकाकी? हे तर जपानी नाव."

"आईवडील ओकिनावाचे. मी इथलीच."

"चीना, तू चिनी नाहीस?" योमिराने विचारलं.

"नाही, पोरी."

"अहो बाई, मग आधी नाही का सांगायचं!" उगार्तेने कपाळावर हात मारला. त्याच्या चेहऱ्यावरचा चार रात्रींचा शीण क्षणात उतरला. "सोनंच सापडलं की! जपानी बाई स्वतः म्हणतेय म्हटल्यावर तिकडचे काय बोलणार? पुन्हा घेऊ. नावानिशी, आईवडिलांसकट!"

आईवडिलांसकट. ओलिंदाच्या बापाने तर ते लपवण्यातच जन्म घालवला होता. महायुद्धाच्या काळात जमावाने शहरातली जपानी दुकानं लुटली, तेव्हा तो याच दारात उभा राहून ओरडला होता, "मी चिनी आहे, चिनी!" जमाव पुढच्या दुकानावर गेला. ते दुकान त्याच्या सख्ख्या मावसभावाचं होतं. तेव्हापासून घरात एकच शिकवण होती. लोक म्हणतील ती हाक आपली. ओ द्यायची, हसायचं आणि सामान बांधून द्यायचं.

"करा सुरू," उगार्ते म्हणाला.

"मी ओलिंदा आराकाकी," ती म्हणाली. दुकानात हे नाव मोठ्याने कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "माझे आईवडील जपानहून आले. ही पोर माझ्या दुकानात वाढली. तिने जे केलं ते प्रेमाने केलं. मला..."

पुढचं येईना. उगार्तेने हाताने खूण केली, चालू द्या, चालू द्या.

"मला..."

"कधीच वाईट वाटलं नाही," डब्यांजवळून योमिराने हळूच सुचवलं.

ओलिंदाने तिच्याकडे पाहिलं. वाईट वाटलं होतं. दर वेळी वाटलं होतं, खिदळतानासुद्धा. इतकी वर्षं ते चीनाला वाटत होतं की ओलिंदाला, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पहिलंच घेऊन जा," ती म्हणाली.

"अहो, पण हे जपानी म्हणून..."

"पहिलंच न्या, साहेब. त्यात चीना बोलतेय. तिला नव्हतं वाईट वाटत."

 तिच्या तोंडाकडे बघून उगार्तेने कॅमेरा मिटला. पहिल्यानेही काम भागणार होतं, पोर वाचणार होती. तो गाडीकडे गेला.

योमिरा मागे रेंगाळली. उंबरठ्यापर्यंत जाऊन परत वळली, रोज वळायची तशी.

"ची..." म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

ओलिंदा थांबून राहिली. नुकतंच ऐकलेलं नाव पोरीच्या ओठांवर येऊ पाहत होतं, पण एवढ्या मोठ्या बाईला, जिच्या हातचं आपण जेवलो तिला, अशी नावाने हाक कशी मारायची हे तिला कळेना. बाहेर उगार्तेने हॉर्न वाजवला. योमिराने मान खाली घातली आणि हाक न मारताच गाडीत जाऊन बसली.