डिझेल कोन पितंय

मला चोर म्हटलं ना कोनी, तर माझं डोकं फिरतं. तुमचं नाय फिरनार? आनि ते पन कुंभिवलीच्या नाक्यावर, भाजी उतरवताना, सगळ्या हॉटेलवाल्यांसमोर! वर माझी आय तिथंच बसलेली, रानातल्या करटुल्यांची पाटी पुढ्यात घेऊन.

थांबा, पयल्यापासनं सांगते. मी भागी. माहेर कुंभिवलीवरच्या ठाकुरवाडीचं, सासर पोशीरच्या वरच्या वाडीत. पोशीरच्या रूपेशशेठची पिकअप मी चालवते. सकाळी भेंडी, काकडी, दुधी भरायचा, कर्जत-चौक करत खालापूरकडं निघायचं आनि हायवेच्या हॉटेलांत माल टाकत कुंभिवली गाठायची. आय आता माझ्याकडंच असते. तिला पन येता-जाता गाडीतनं नेते-आनते. आमच्या वाडीत पिकअपचं स्टेरिंग धरनारी मी पयली बाई. वाडीतल्या दोन पोरी लायसन काढायचं म्हनून माझ्या मागं लागल्यात. त्यामुळं मी गाडी पुसते ती पन नीट, आनि वळन घेते ते पन नीट. लोक बघतात ना.

तर गनपती झाले आनि गाडी डिझेल प्यायला लागली. एव्हरेज एकदम पडलं. रूपेशशेठ म्हनाला, "भागे, टाकी तर आत्ताच भरली होती गं."

मी म्हटलं, "शेठ, गाडी वढते. कोनी मागनं धरून ठेवल्यागत चालते. दाखवा कुठंतरी."

दाखवली. खालापूर फाट्यावरच्या गजाच्या गॅरेजला. गजानं हवेचा फिल्टर बदलला, डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल काढून साफ केले, टायरची हवा बघितली. टाकी गळते का म्हनून खाली आडवा पडून पन बघितलं. "इंजिन एकदम टकाटक हाय," म्हनाला. आनि एव्हरेज? जिथल्या तिथं!

"अरं पन गाडी जड जाते," मी म्हटलं.

तर हसायला लागला. "ताई, माल जड असंल."

माल जड! सगळा माल मी माझ्या हातानं चढवते. भेंडी आनि दुधी जड झाला का ते मला हा सांगनार! तेवढ्यात गजा शेठकडं वळला आनि डोळा मारून म्हनाला, "शेठ, इंजिन पित नसंल तर दुसरं कोनतरी पितंय."

हायवेला काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक. कोन ड्रायवर कुठल्या टपरीमागं डिझेलचा कॅन भरून देतो, कोनाला देतो, सगळं. गजा थट्टेत बोलला असंल, पन ते शेठच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल घेऊन माझ्या मागं मागं कुंभिवलीला आला. मी क्रेट उतरवत होते.

"भागे, खरं सांग. कॅन कुठं देतेस?"

मला आधी कळलंच नाय. कळलं तेव्हा हातातला क्रेट तसाच खाली सोडला. काकड्या रस्ताभर झाल्या.

"शेठ, तोंड सांभाळा."

"तुमा लोकांना जवळ केलं की हे असंच," तो म्हनाला. मोठ्यानं. चहावाल्यानं गाळनं धरलेला हात थांबवला.

तुमा लोकांना! म्हंजे आमा आदिवासींना. मी सोडा, माझी आय पारू कित्येक वर्षं त्या नाक्यावर बसते. तिच्या हातची करटुली कोनी निवडून घेत नाय, डोळे झाकून घेतात, एवढा तिच्यावर इस्वास. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आनि तशीच एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. त्या दिवसापासनं नाक्यावर बसनार नाय म्हनाली. ते मला चोर म्हनन्यापेक्षा जास्त लागलं बघा.

किल्ली त्याच्या तोंडावर फेकायची होती मला. पन गाडी रस्त्यात सोडून गेले असते तर तेच लोक म्हनाले असते, बघा, पळाली. म्हटलं, घेतली तशी दारात नेऊन लावते आनि मग जाते. चौकपासनं पोशीरपर्यंत रडत आले. राग आला की मला रडू येतं, काय करनार.

आता शेठच्या आईचं सांगते. सुनंदाकाकू. त्यांच्याकडं पूर्वी बैल होते. बैल दमून घरी आला की काकू त्याच्या पायावर पानी घालायच्या. बैल गेले, पिकअप आली, काकूंनी ती रीत काय सोडली नाय. गाडी दारात आली की तांब्या घेऊन बाहेर. फुडच्या दोन चाकांवर पानी घालायच्या, म्हनायच्या, "दमून आली गं लक्ष्मी माझी." मी हसायचे. काकू पन हसायच्या, पन पानी घालायच्याच.

त्या दिवशी मी रागानं गाडी अंगनात फिरवली आनि रिव्हर्स घेऊन पाठ दाराकडं केली. काकू तांब्या घेऊन आल्या त्या थबकल्याच.

"अगं बया! दाराला पाठ काय केलीस? अशी आनतात का लक्ष्मी घरात?"

"काकू, मी चालले. तुमचा लेक मला डिझेलचोर म्हनतो. भर नाक्यात म्हनाला."

काकूंचं तोंड पडलं. "रूपेश म्हनाला?"

"तो नाय तर कोन?"

"येऊ दे त्याला घरी. मग बघते," काकू म्हनाल्या. "पन हिच्यावर राग नको काढू. हिचे पाय धुते आधी." फुडची चाकं तिकडं लांब, म्हनून समोर होतं त्या मागच्या उजव्या चाकावर त्यांनी पानी घातलं. मग डाव्यावर.

छर्रर्र!

केवढी वाफ आली! काकू मागं सरकल्या, तांब्या हातातनं पडला. "अगं बाई, पाय पोळलाय गं हिचा!"

मी वाकून हात जवळ नेला. लोखंड तव्यावानी तापलेलं. उजव्याला हात लावला तर गार. आनि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जॅक काढला, गाडी उचलली. उजवं चाक बोटानं ढकललं तर गरगर फिरलं. डावं दोन्ही हातांनी वढलं तरी हालेना.

तेवढ्यात रूपेशशेठ आला. मी नमस्कार नाय, चमत्कार नाय, नुसतं म्हटलं, "फिरवा."

त्यानं ढकललं. परत ढकललं. माझ्याकडं बघायला लागला.

"ब्रेक धरलाय," मी म्हटलं. "हँडब्रेकची तार गंजून अडकल्ये. लिव्हर खाली जातो, पन चाक सुटत नाय. पोशीरपासनं कुंभिवलीपर्यंत रोज ब्रेक लावलेली गाडी इंजिन वढतंय. मग डिझेल पिनार नाय तर काय ताक पिनार?"

"हँडब्रेक कशानं अडकंल?"

"पावसात वढून ठेवला की अडकनारच. मी कधी वढते का? गियर टाकते, चाकाला दगड लावते. ठाकुरवाडीच्या उतारावर वाढलेली हाय मी."

काकू त्याच्याकडं बघत होत्या. "रूपेश, गनपतीत गाडी कोनी लावली होती रं अंगनात? वर ताडपत्री कोनी घातली?"

रूपेशनंच लावली होती. उतरत्या अंगनात, गाडी शेतात जाईल म्हनून जोर काढून हँडब्रेक वढला होता. गनपती उठेपर्यंत गाडी तशीच पावसात. गाडी पिते म्हटल्यावर सगळे तिच्या तोंडात बघत बसले. पायाकडं बघायला काकू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गजानं चाक उघडलं. तार गंजून एकजीव झालेली, ब्रेकचे लायनर जळून काळे. नवं घातलं. माझ्याकडं मान वर करून बघितलं नाय त्यानं. मी मुद्दाम समोर उभी राहिले. का नाय राहनार?

मग पंपावर टाकी फुल केली. तेवढाच माल, तोच रस्ता, शेजारी शेठ. चौकच्या पुढं मी ॲक्सिलेटरवरनं पाय काढून दाखवला. गाडी आपली आपन पळत राहिली. मला एवढा आनंद झाला की मी हॉर्न वाजवला, रस्त्यात कोन नसताना. परत त्याच पंपावर येऊन टाकी भरली. जुनं एव्हरेज आलं, वर थोडं जास्तच.

केबिनमदी शेठ हळूच म्हनाला, "चुकलं माझं, भागे."

"चूक कुठं केलीत? इथं?"

"नाय. नाक्यावर."

"मग तिथं बोला."

सकाळी आयला तयार केलं. नाय नाय म्हनत होती, पन मी तिला फुडच्या सीटवर बसवली, पाटी तिच्या मांडीवर. नाक्यावर चहावाला होता, हॉटेलवाले होते, क्रेट उचलनारे होते. शेठ उभा राहिला, घसा साफ केला.

"भागीनं डिझेल चोरलं नाय."

"अर्धं नको," मी म्हटलं. "मग पिलं कोनी?"

"मी हँडब्रेक वढून गाडी पावसात ठेवली. चाक जाम झालं. ते भागीनं शोधून काढलं." मग आवाज खाली आला. "आनि तुमा लोकांना म्हनालो, ते बोलायला नको होतं."

आय गाडीतनं उतरली. "काय म्हनालास रं बाबा? शेवटचं आयकू नाय आलं."

माझ्या आयचे कान चांगले हायत. पाचोळ्यात सरडा हालला तरी तिला कळतं. पन ती कानाला हात लावून उभी राहिली. रूपेशशेठ परत बोलला, मोठ्यानं, शब्दन् शब्द.

आय तिच्या जागेवर जाऊन बसली. पाटीवरचा पाला बाजूला केला. एक मोटारवाला थांबला, करटुली बघायला लागला. तिनं भाव नाय सांगितला. माझ्याकडं हात केला.

"ती गाडी चालवनारी बघितली का? ती माझी पोरगी."