निवाड्याची थाळी

जागा धाकट्या भावानं निवडली, त्याच्या ऑफिसच्या खालचीच. जेवायची सुट्टी पाऊण तासाची, तेव्हा आईचं पुढचं सगळं आयुष्य त्या पाऊण तासात बसवायचं होतं. बर्मी खानावळ होती ती. सहा टेबलं, गुडघे हनुवटीला लागतील इतकी बुटकी स्टुलं आणि प्रत्येक टेबलावर बिनदुधाच्या चहाचा थर्मास. आईला त्या स्टुलावर बसवता बसवता माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला. धाकटा तोवर फोनमध्ये डोकं घालून उभा होता.

म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत एक पलंग रिकामा झाला होता. तीन वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला तो मिळणार. धाकट्याला 'हो' म्हणून मोकळं व्हायचं होतं. मला आई त्याच्या घरी जायला हवी होती. सहा महिने नाही तर सहा आठवडे, पण जायला हवी होती. तिची पिशवी मी भरूनच आणली होती आणि टेबलाखाली पायांच्या मधे धरून बसले होते.

चार वर्षं आई माझ्याकडे आहे. मी घरी शिवणकाम करते. आई मशीनशेजारी बसते आणि मी घातलेली शिवण छोट्या कात्रीनं उसवते. कुणी न सांगता, अगदी मन लावून, एकेक टाका.

धाकट्यानं ओठांनी पुच्-पुच् आवाज काढला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"इथे असंच बोलावतात," तो म्हणाला. "त्यांच्या देशातली पद्धत आहे. मावशींनीच शिकवलंय."

आई टेबलाखाली वाकून मांजर शोधायला लागली. मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. ते मी रुमालात शिंकले असं दाखवून निभावून नेलं.

मावशी म्हणजे मालकीण. साठीची, दोन्ही गालांवर पिवळसर लेप फासलेली, चालणं मात्र पोरीसारखं. तिनं माशाच्या रश्शातल्या शेवयांचे तीन वाडगे आणले. मी आईला भरवायला लागले आणि धाकटा मुद्द्यावर आला.

"ताई, माझ्या दोन खोल्या. बायकोची रात्रपाळी. दिवसा ती झोपणार की आईमागे धावणार?"

"आणि माझ्याकडे काय राजवाडा आहे?"

"म्हणून तर संस्था म्हणतोय."

"आईला कोण सांगणार हे?"

"तिला काय कळतंय आता," तो म्हणाला, अगदी तिच्या तोंडावर.

मी त्याला दोष देणार नाही. चार वर्षं आम्ही दोघं असंच बोलत आलो. आई खोलीत असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलायचो, कपाटाच्या दोन बाजूंना उभं राहून बोलावं तसं. तिच्या औषधांचं, तिच्या लंगोटांचं, ती अजून किती दिवस काढेल याचंसुद्धा.

आमचा आवाज चढला असावा. मावशी आली आणि न मागवलेली एक लाखेची थाळी मधोमध ठेवून उभी राहिली. थाळीला खण होते. मधल्या खणात मुरवलेली, काळपट हिरवी चहाची पानं आणि भोवती तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, कुरकुरीत डाळ.

"आमच्या गावात भांडण मिटलं की म्हातारे हे मधे ठेवायचे," ती म्हणाली. "खाल्लं म्हणजे निवाडा मान्य. मग पुन्हा कुरकुर नाही."

"आम्ही भांडत नाहीये, मावशी."

"हो का. आतपर्यंत ऐकू येतंय," ती म्हणाली आणि गेली.

धाकटा ओशाळला, पण मुद्दा सोडेना. "चार वर्षं काढलीस ना? मग आताच असं काय आभाळ कोसळलं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "परवा मी आईला मारलं."

त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कोटाची बाही होती. दुसऱ्यांदा लावलेली. तिनं ती दुसऱ्यांदा उसवली. मी मापाची लाकडी पट्टी घेतली आणि मनगटावर मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मला बरं वाटलं. म्हणून म्हणते, घेऊन जा तिला. माझी मला भीती वाटते."

धाकट्यानं आईचा हात धरायला हात पुढे केला. आईनं चटकन स्वेटरची बाही पार बोटांपर्यंत ओढली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "हात दारात सापडला."

दोन दिवस ती बाही अशीच खाली ओढत होती. मला वाटलं होतं, थंडी वाजतेय. तिला कळत होतं. परवाचं कळलं होतं, म्हणजे चार वर्षांतलं किती कळलं असेल, या विचारानं मला त्या बुटक्या स्टुलावर बसवेना.

घड्याळात अडीच वाजून गेले होते. धाकटा रडवेला झाला, पण 'माझ्याकडे पाठव' हे शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तो एवढंच म्हणाला, "मग तर संस्थाच बरी, ताई."

निवाडा झाला होता. पण थाळीकडे ना त्याचा हात गेला, ना माझा.

हात गेला तो आईचा. तिनं सगळ्या खणांतलं मधे ओढलं, पाचही बोटांनी नीट कालवलं, जसं आम्ही लहान असताना एकाच ताटात दोघांसाठी कालवायची. पहिला घास तिनं स्वतः खाल्ला. कडू लागला असणार, पण चेहरा हलू न देता चावून गिळला.

"तिथल्या बायकांना सांगून ठेव," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या हाताशी कात्री ठेवू नका म्हणावं."

दुसरा घास तिनं धाकट्याला भरवला. तो मान खाली घालून चावत राहिला.

तिसरा माझ्यासमोर धरला. बाही कोपराकडे सरकली होती आणि मनगटावर पट्टीच्या रुंदीचे जांभळे वळ दिसत होते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. तिनं हात मागे घेतला नाही.

"खा गं," आई म्हणाली. "तीन वाजतील."

मी तोंड उघडलं.