राबात सापडलेले पान

मित्रांनो, पेठच्या डोंगरात माझ्या तोडीचा कलावंत आजवर झालेला नाही. माझी कला कोणालाही दिसलेली नाही, हीच तिची थोरवी. मी पंख मिटले की हुबेहूब वाळके पान दिसते. मधली शीर, देठ, बुरशीचे ठिपकेसुद्धा. थोडक्यात, मी एक जुने फुलपाखरू असून पाचोळ्यात मोडते.

माझा जन्म ओढ्याकाठच्या कारवीत झाला. सुरवंट असताना अंगावर काटे होते आणि पोटात भूक होती, बाकी काही आठवत नाही. कार्तिकात पंख फुटले. तेव्हापासून काम एकच, पान असणे. पक्षी शेजारी येऊन बसला तरी हलायचे नाही, मुंगी अंगावरून गेली तरी हलायचे नाही. सहा महिने झाले, मित्रांनो. अंग आंबून गेले. पण कारवीला पालवी फुटल्याशिवाय अंडी घालता येत नाहीत आणि पालवी फुटते पावसात. तोवर जगणे भाग आहे.

यंदा, २००२च्या वैशाखात, भागीबाई राबासाठी पाचोळा गोळा करायला आली. वाफ्यावर पाचोळा जाळायचा आणि त्या राखेत नागली पेरायची, ही इथली रीत. सोबत तिचा लेक नाथा होता, सातपूरच्या कारखान्यातून चार दिवस रजेवर आलेला.

"नाथा, वाकून भर की! बटणं दाबून कंबर मोडली का काय तुझी?"

"रजा टाकून आलोय आई, लय बोलू नको."

त्याने मला उचलून पाटीत घातले. मी हलले नाही. वाफ्यावर ओतले, तरी हलले नाही. म्हटले, वा, काय अभिनय! मग भागीबाईने काडी लावली, नाकात धूर गेला आणि अंडी आठवली.

मी पंख उघडले. आतून गर्द निळे, त्यावर फिकट पट्टा. सहा महिन्यांची मेहनत क्षणात पाण्यात.

"आई, पान उडालं!"

भागीबाईने माझ्याकडे पाहिले आणि पेटलेली कड डहाळीने झोडपून विझवली. "थांब. अजून एखादं असंल. पालापाचोळा चाळव सगळा."

"आता काय एकेक पानाला विचारून जाळायचं?"

"विचार. चार दिवस रजा हाय ना तुला?"

मी ओढ्याकडे परतले. एका पंखाची कड करपली आहे. पान म्हणून ती जास्तच शोभते. पाऊस अजून महिनाभर लांब आहे. जंगल वाचवा वगैरे मी म्हणणार नाही, ते रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले आहे. माझे म्हणणे एवढेच, पाचोळ्यात हात घालण्याआधी जरा खाकरा.