पाण्याचा रकाना

सात वर्षं एक वीतभर दगड मी भावाच्या स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता. वर कापड, कापडावर मेण, मेणाखाली सरांची सही. कपाट उघडलं की मेणाचा वास यायचा आणि आई विचारायची, "आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." बस, एवढंच. दिवा लावावा तसं आम्ही दोघींनी ते वैर जपलं, वारा लागू दिला नाही.

मी कोअर शेडमध्ये काम करते. ड्रिलच्या पोकळ नळीतून जमिनीच्या पोटातला दगड लांब कांडीसारखा वर येतो, त्याला कोअर म्हणतात. त्या कांड्या पेट्यांत ओळीनं मांडायच्या, कुठल्या मीटरला कुठला दगड लागला ते लिहायचं. शेड थंड असते. दगड ओला असतो. बोटांची टोकं हिवाळा-उन्हाळा सुरकुतलेली.

आमची खाण हिऱ्यांची आहे, पण हिरा आमच्यापैकी कुणाच्या नजरेस पडत नाही. आम्हाला दिसतो तो किंबर्लाइट, हिऱ्याला पोटाशी धरून आलेला निळसर करडा दगड. जिथे कुठली विहीर पोचणार नाही, कुठला बोगदा पोचणार नाही, इतक्या खोलातून तो एके काळी वितळून उसळला, वाटेत जे भेटलं ते ओरबाडत वर आला आणि गाजराच्या आकाराची नळी करून थिजला. वर रुंद, खाली निमुळती. हिरे त्याचे नुसते वाटसरू. त्याच्या अंगात हिरवे डाग असतात, आणि मधूनच जांभळट लाल गार्नेट, डाळिंबाच्या दाण्यासारखं.

पण नळी एकदाच भरलेली नसते. एक उसळी येते, थिजते. तिच्या कुशीतून दुसरी घुसते. त्यामुळे एकाच नळीत दोन स्वभावांचे दगड शेजारी शेजारी राहतात. एक टणक, हातोडा परतवणारा. दुसऱ्याच्या पोटात फुगणारी माती असते. वर आल्याबरोबर दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. ओळखायचे कसे? ग्लासभर पाण्यात तुकडा टाकायचा आणि अर्धा तास थांबायचं. टणक असेल तो गप्प बसून राहतो. फुगणारा कुरकुर करतो, बुडबुडे सोडतो आणि कडेपासून उलगडत जाऊन चिखल होतो. आमच्या नोंदपत्रकात त्यासाठी एक रकाना आहे: 'पाण्यात'.

त्या रकान्यात सात वर्षांपूर्वी मी एकोणीस मीटरभर एकच शब्द लिहिला होता: फुगतो.

सर म्हणजे आमचे मुख्य भूवैज्ञानिक. पत्रक पाहून म्हणाले, "ताई, तुमच्या ग्लासांनी मला तीन महिने मागे ओढलंय. दगड फुगतो म्हटलं की बोगद्याला काँक्रीटचं अस्तर आलं. मी तारीख देऊन बसलोय."

"सर, मी देत नाही ना तारखा. दगड देतो."

ते हसले. त्यांना माझं बोलणं आवडायचं, हेच तर वाईट. खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं, माझ्या शब्दावरून आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: टणक. रेघ सरळ होती. हात जराही हलला नव्हता.

मात्र त्याच सकाळी त्यांनी आणखी एक काम केलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. प्रत्येक जातीच्या दगडाची एक वीतभर कांडी आम्ही कापडात गुंडाळतो, त्यावर मीटर लिहितो, सर सही करतात, मग वर मेणाचा शेवटचा थर. मेणात दगडाचा ओलावा कोंडून राहतो, वर्षानुवर्षं तो आला तसाच राहतो. सहीसाठी मी त्यांच्यापुढे तीस कांड्या मांडायचे आणि ते फोनवर बोलत बोलत तीसही उरकायचे. त्या एकोणीस मीटरातली कांडी त्यांच्यातच होती. सही झाली, मेण लागलं. दुपारी सर म्हणाले, "ती नका पाठवू प्रयोगशाळेत. टणक दगडाची कसली तपासणी?" मी ती मागच्या फळीवर ठेवून दिली.

माझ्या धाकट्या भावाला खाणीत सगळे बेडूक म्हणत. बोगद्याच्या तळाला पाणी साचतं, तिथल्या पंपावर त्याची पाळी असायची. घरी आला की बूट उलटे करून पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "आई, समुद्र आणलाय तुला." बेडूक असला तरी गळका नळ त्याला सहन व्हायचा नाही. जेवणावरून उठून नळ घट्ट करून यायचा.

बोगदा त्या दगडात शिरून अकरा आठवडे झाले होते. शेडमधला फोन वाजला.

"ताई, पाणी निळं येतंय."

"कंट्रोल रूमला सांग ना बाबा."

"सांगितलं. ते म्हणतात पंप चालू ठेव. पण पंप चिखल ओढतोय गं, घुसमटतोय. मी बंद करतोय. तू सरांना सांग. तू सांगितलंस तर ऐकतील."

मी धावले. सर जिन्यातच भेटले. मी म्हटलं, "सर, तळाला पाणी निळं येतंय."

"निळ्या दगडातून निळंच येणार, ताई," ते म्हणाले, आणि एकेक पायरी चढत वर गेले.

मी मागे गेले नाही. तिथेच उभी राहिले, कठड्यावर हात ठेवून. ते मी कुणाला सांगत नाही; आईला एकदा सांगितलं.

वीस मिनिटांनी भिंत चिखल होऊन सुटली. बेडूक तिसऱ्या दिवशी सापडला. चौकशीच्या अहवालात एक ओळ आली: पंप बंद आढळला, ऑपरेटरची हलगर्जी. ज्या पोराला गळका नळ बघवत नव्हता, त्याच्या नावापुढे हलगर्जी! समिती कंपनीचीच होती. त्यांनी सरांना विचारलं, सरांनी सांगितलं. नोंदपत्रक कुणी मागितलं नाही. मला बोलावलं नाही, म्हणे नातेवाइकाची साक्ष धरत नाहीत. मी तेव्हा दगड दिला असता तर तो तपासायला गेला असता सरांच्याच प्रयोगशाळेत.

म्हणून दिला नाही. स्वेटरमध्ये गुंडाळला.

नोकरी सोडली नाही. रोज सरांना नमस्कार केला. ते विचारत, "काय ताई, आई कशी आहे?" मी म्हणे, "बरी आहे, सर." आई भांडी घासताना स्वतःशीच गुणगुणायची, आणि ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं:

निळ्या मातीच्या पोटात, माझं लेकरू निजलं
एका हिरव्या रेघेनं, त्याचं नाव गं पुसलं

मला पैसा नको होता, माफी नको होती. मला एवढंच हवं होतं की बाहेरच्या माणसांसमोर सरांनी 'टणक' म्हणावं, आणि तो शब्द त्यांच्याच ग्लासात विरघळताना त्यांनी बघावा. आणि मग धाकट्याच्या नावापुढची ती ओळ पुसावी.

तो दिवस सातव्या वर्षी आला. खाणीला त्याच नळीत आणखी खाली उतरायचं होतं, आणि या वेळी परवानगी बाहेरच्या खाण-सुरक्षा कार्यालयाची लागणार होती. तिथल्या अधिकारी बाई आल्या: आखूड केस, पायात खरे खाणीचे बूट, बोलणं कमी. सभागृहात पंपवाले, ड्रिलवाले, सगळे भिंतीला टेकून उभे. शेडमधले पेटीवाले काका चहापाण्याचं बघत होते. पेट्या उचलून उचलून त्यांची पाठ धनुकली झाली आहे. सकाळी मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "काका, सरांपुढे पाण्याचा ग्लास ठेवा. काचेचा. आणि एक जास्तीचा."

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "आणलीस होय ती," म्हणाले. "मग स्टीलचे पेले लपवूनच ठेवतो."

सरांनी पडद्यावर नळीचं चित्र लावलं. दक्षिणेकडच्या भागावर काठी टेकवून म्हणाले, "हा सगळा भाग टणक. अस्तराची गरज नाही."

बाई समोरची फाइल चाळत होत्या. "याच भागाच्या वरच्या पातळीचं हे जुनं पत्रक. 'फुगतो' खोडून 'टणक' केलंय. ही हिरवी रेघ कुणाची?"

"माझी. सुधारणा आहे ती. आमच्या ताईंना पाण्याचं जरा वेड आहे," सर हसून म्हणाले. दोनचार जण सवयीनं हसले.

मी उठले. पिशवीत हात घातला.

"मॅडम, त्याच मीटरांतली कांडी माझ्याकडे आहे. मेणातली." मी ती टेबलावर ठेवली. "सर, सही तुमचीच ना?"

मेणाखाली हिरवी शाई स्पष्ट दिसत होती. सर वाकले, चष्मा वर केला, आणि मी पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट दोनदा वाचताना पाहिलं.

"सही माझी आहे. पण ही इतकी वर्षं कुठे होती? असा बाहेरचा तुकडा…"

"सील अखंड आहे," बाई म्हणाल्या. "फोडा."

मी मेण कापलं, हातोडीनं कांडीचे दोन तुकडे केले. अर्धा परत कापडात ठेवला. उरलेल्या अर्ध्यातला एक खडा सरांच्या ग्लासात सोडला, आणि जास्तीच्या ग्लासात शेडमधला खरोखरचा टणक खडा. नियम तसा आहे, तुलनेला दुसरा लागतोच.

"हवं तर बोलत राहा, सर," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम आहे."

ते बोलत राहिले. काठी फिरत राहिली. पण सभागृहात आता दुसराच आवाज होता, तव्यावर पाण्याचा थेंब चुरचुरावा तसा बारीक. भिंतीजवळचे पंपवाले एकेक पाऊल पुढे सरकले. बुडबुड्यांची माळ वर येत होती. खड्याची कड सुटली, मग दुसरी, पाकळी गळावी तशी. पाणी आधी धुरकट झालं, मग निळं.

सर एका वाक्याच्या मध्येच थांबले. काठी चित्रावर टेकलेलीच.

शेजारच्या ग्लासात टणक खडा जसाच्या तसा बसून होता, पाणी नितळ. सरांच्या ग्लासात चिखल होता आणि चिखलावर एक लाल गार्नेट.

"एका तुकड्यावरून…" ते म्हणाले.

"एकोणीस मीटर," मी म्हटलं. "एकोणीस ग्लास मी तेव्हाच केले होते."

बाईंनी जुनं पत्रक त्यांच्याकडे सरकवलं. "'पाण्यात' हा रकाना दुरुस्त करा. माझ्यासमोर. आजची तारीख घाला."

त्यांनी पेन काढलं. तेच हिरवं. स्वतःच्या शब्दावर रेघ मारली. ही रेघ नागमोडी गेली. वर लिहिलं: फुगतो.

"आता पाण्याचा रंगही लिहा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "जिन्यात," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत."

"मी नाही. त्यानं सांगितलं होतं. पंप घुसमटला म्हणून बंद केला आणि तळाशी उभं राहून सांगितलं. तेही लिहा."

बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "लिहा. हे चौकशीच्या फाइलला जाईल. हलगर्जीची ती ओळ मी अशी ठेवू शकत नाही."

सर लिहू लागले. सभागृहात पेनाची करकर ऐकू येत होती. एका पंपवाल्यानं टोपी काढली, मग सगळ्यांनीच. मला वाटलं होतं, या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही, पण त्याच्याखाली उभं राहता आलं.

लिहून झाल्यावर सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा हात सवयीनं ग्लासाकडे गेला, काचेला लागला आणि तिथेच थांबला.

काका पुढे झाले. "सर, दुसरं पाणी देऊ?"

"राहू द्या, काका," मी म्हटलं. "हाच ग्लास त्यांच्यापुढे राहू द्या."

काका तसेच मागे सरले.

दुपारी घरी गेले. आई दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं: रेघ, बुडबुडे, टोप्या, हलगर्जी शब्द जाणार तेही. ती डोळे मिटून ऐकत होती. मग विचारलं, "रडला का तो?"

"नाही."

"आणि उरलेला अर्धा दगड?"

"आणलाय."

आईनं माझ्या हातातून कापडाची पुरचुंडी घेतली, चुलीवर छोटं भांडं ठेवलं आणि पुरचुंडीवर पुन्हा थर द्यायला त्यात मेणाचे तुकडे टाकले.

"बस," म्हणाली. "वितळायला वेळ लागतो."