खोडलेली ओळ

भाच्याने ते हिरव्या अक्षरांच्या पडद्याचं लिहायचं यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं, त्याला चार महिने झाले. म्हणाला, "आत्या, चुकलं की पुसायचं. डागसुद्धा राहत नाही." मी भुलले. कादंबरी मार्चअखेर प्रकाशकाला द्यायची होती, आणि फेब्रुवारी संपत आला तरी मी पहिल्याच प्रकरणात घुटमळत होते.

वाक्य लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. पान प्रत्येक वेळी नवंकोरं दिसायचं. उठायचं, खिडकीशी जायचं, चहा करायचा, तो गार करायचा. सहा कादंबऱ्या लिहिलेली बाई मी, पण एका परिच्छेदाने माझ्या नाकी नऊ आणले होते.

गुरुवारी डोरीन आली. बावीस वर्षं माझी हस्तलिखितं हीच टाइप करायची. यंत्र आल्यापासून तिला काम नव्हतं, तरी हॅलिफॅक्सहून बसने आली. पडद्याकडे बघून तिने नाक मुरडलं.

"गार्साइडबाई, यात खोडलेलं कुठं दिसतं?"

"खोडलेलं राहतच नाही. तेच तर कौतुक आहे."

"मग मी निवडायचं कशातून?"

"निवडायचं म्हणजे?"

ती जरा चाचरली. "कधीकधी तुम्ही चांगलंच खोडायचात. मग मी तेच टाइप करायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या पुस्तकांत लुडबुड केलीस?"

"केली की. प्रुफं तर तुम्हीच तपासलीत ना?"

मी तिला जवळजवळ हाकललंच. मग चौथ्या कादंबरीची वही काढून छापील प्रतीशेजारी ठेवली. जे शेवटचं वाक्य वाचून अनोळखी लोकांनी मला पत्रं लिहिली, ते वहीत होतं, आणि त्यावर माझ्याच हातची आडवी रेघ होती. त्याऐवजी मी लिहिलेलं वाक्य वाचलं. भिकार होतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. चार महिन्यांत मी काय काय पुसलं होतं, ते आता कोण सांगणार?

डोरीनला फोन केला. "पुढच्या गुरुवारी येशील?"

"बघते. आज हाकललंत ना मला."

"हाकललं. चुकलं माझं. ये."

यंत्र बंद केलं आणि पेनात शाई भरून बसले. बाराव्या ओळीला वाक्य आवडेना. सवयीने गिरगटणार होते, पण हात आवरला. एकच बारीक रेघ मारली, डोरीनला खालचं वाचता येईल अशी.